जुन्या गाडीच्या स्टिरिओत ब्लूटूथ: गाणं आत शिरणार कुठून?

गाडी ठणठणीत आहे, एसी थंड करतो, दारातले स्पीकरही फाटलेले नाहीत. अडचण एवढीच की डॅशबोर्डातला स्टिरिओ कॅसेटच्या नाहीतर सीडीच्या काळातला आहे आणि गाणी सगळी फोनमध्ये आहेत. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून पुढे चालवलेल्या वॅगन आर, सँट्रो, इंडिका, जुन्या स्विफ्ट अजून रस्त्यावर भरपूर दिसतात, त्यातल्या बहुतेकांची ही तक्रार असते. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात गेलं की समोरचा थेट टचस्क्रीन काढून दाखवतो. ती घ्यायला हरकत नाही, पण बऱ्याचदा तिची गरजच नसते.

कुठल्याही स्टिरिओच्या पोटात तीन कामं चालतात. पहिलं, गाणं मिळवणं: रेडिओचा ट्यूनर, कॅसेटचं हेड, सीडीची लेन्स. दुसरं, त्यातला कुठला आवाज पुढे सोडायचा ते ठरवणं आणि व्हॉल्यूम, बेस, ट्रेबल सांभाळणं. तिसरं, तो आवाज स्पीकर हलवण्याइतका मोठा करणं. हे तिसरं काम करणाऱ्या चिपला दुरुस्तीवाले पॉवर आयसी म्हणतात. तुमच्या स्टिरिओत जुनं झालंय ते फक्त पहिलं काम. दुसरं आणि तिसरं आजही तितकंच चांगलं होतं. म्हणजे प्रश्न फक्त फोनमधला आवाज दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचवण्याचा आहे. वाटेत त्याचं रूप जितक्या कमी वेळा बदलेल तितका तो स्वच्छ येईल. बाजारात मिळणारी सगळी यंत्रं या एका कसोटीवर लावून बघता येतात.

म्हणून खरेदीआधी टॉर्च घेऊन स्टिरिओचा चेहरा नीट बघा. ‘ऑक्स’ लिहिलेलं छोटं गोल भोक आहे का? यूएसबी आहे का? कॅसेटची फट आहे का? चेहऱ्यावर काही नसलं तरी काही गाड्यांत ऑक्सचं भोक हँडब्रेकजवळच्या खणात किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये दडलेलं असतं, आणि काही स्टिरिओंच्या पाठीमागे सीडी चेंजरसाठी (अनेक सीडी आलटून-पालटून लावणाऱ्या वेगळ्या डब्यासाठी) ठेवलेलं सॉकेट असतं. त्या सॉकेटातूनही बाहेरचा आवाज आत घेता येतो, फक्त त्या मॉडेलसाठी बनवलेलं अडॅप्टर शोधावं लागतं.

ऑक्स असेल तर अर्धं काम झालं

ऑक्स म्हणजे दुसऱ्या टप्प्यात सरळ उघडणारं दार. साडेतीन मिलिमीटरच्या पिनच्या टोकावर डावा आवाज, मधल्या कडीवर उजवा आणि मागच्या भागावर अर्थ (ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट), इतकंच गणित. हेडफोनचं भोक असलेला कुठलाही एमपी३ प्लेअर, जुना आयपॉड किंवा फोन दोन्हीकडे पिन असलेल्या साध्या वायरने जोडला की झालं. वडिलांनी नाट्यगीतं भरून ठेवलेला, ब्लूटूथ नसलेला प्लेअर घरात असेल तर त्याच्यासाठी हाच उत्तम मार्ग.

हल्लीच्या बहुतेक फोनना हेडफोनचं भोकच नसतं. मग टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटर असा कनेक्टर घ्यावा लागतो, आणि इथे पैसे वाया जातात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती मिळतात. एकीत नुसत्या तारा असतात. दुसरीत डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी छोटी चिप असते, तिला डॅक म्हणतात. बऱ्याच फोनना ही दुसरी जातच चालते. दुकानात आपला फोन लावून, गाणं वाजवून मगच घ्या.

आवाज ठेवायची एक रीत आहे. फोनचा व्हॉल्यूम साधारण ८०-९० टक्क्यांवर ठेवायचा आणि रोजची कमीजास्त स्टिरिओच्या बटणाने करायची. फोन हळू आणि स्टिरिओ मोठा ठेवला, तर गाण्याबरोबर वाटेतली खरखरही मोठी होते. उलट फोन शंभरवर नेला की काही फोनमध्ये आवाज फाटतो. ऑक्सवरून पुन्हा रेडिओवर जाताना आधी आवाज कमी करायची सवय लावा, नाहीतर निवेदक कानात ओरडतो आणि मागच्या सीटवर झोपलेलं पोर दचकून उठतं.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी

ऑक्स वापरणाऱ्यांची सर्वांत जास्त तक्रार या शिट्टीची, आणि तिच्यावरून सर्वांत जास्त चुकीची दुरुस्तीही होते. गाणं छान चालू असतं, तुम्ही फोन चार्जिंगला लावता आणि स्पीकरमधून ‘कुंऽऽई’ असा बारीक सूर सुरू होतो. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. स्टिरिओ खराब आहे, वायर खराब आहे, अल्टरनेटर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं यंत्र) गेला, असं काय काय सांगितलं जातं.

होतं असं. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू. स्टिरिओचा अर्थ पत्र्याला एका ठिकाणी जोडलेला असतो, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा दुसऱ्या ठिकाणी. पत्र्यातून अल्टरनेटरचा, हेडलाइटचा, पंख्याचा करंट वाहत असतो, त्यामुळे या दोन जागांमध्ये अगदी सूक्ष्म, पण शून्य नसलेला व्होल्टेजचा फरक पडतो. तुम्ही फोन लायटरवर चार्जिंगला लावून त्याच वेळी ऑक्सची वायर स्टिरिओत खुपसलीत की दोन अर्थांमध्ये एक नवीन पूल तयार होतो, तो म्हणजे तुमच्या वायरीची बाहेरची जाळी. त्या जाळीतून नको असलेला करंट वाहू लागतो आणि अल्टरनेटरची लहर गाण्यात मिसळते. इंजिनाचा वेग वाढला की लहर जलद होते, म्हणून सूर चढतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

खात्री करून घेणं सोपं आहे. गाणं चालू ठेवून फक्त चार्जर उपसा. शिट्टी त्याच क्षणी थांबली तर दुसरं काही शोधत बसायचं कारण नाही. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते, ती ऑक्सच्या वाटेत लावायची. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या आवाजाला एक, उजव्याला एक. गाणं एका गुंडाळीतून दुसरीत चुंबकीय मार्गाने उडी मारतं, पण दोन गुंडाळ्या तारेने जोडलेल्या नसल्यामुळे अर्थाचा पूल तुटतो. अगदी स्वस्त डबीत तबल्याच्या बायाँचा खालचा घुमारा थोडा कमी होतो, पण शिट्टीपेक्षा ते परवडलं. डबी नको असेल तर चार्जिंग पॉवर बँकेवर करा, तिचा गाडीच्या अर्थाशी संबंधच येत नाही.

ब्लूटूथ रिसीव्हर

ऑक्सच्या भोकात किंवा वायरीला लावायचा छोटा रिसीव्हर घेतला की वायरची कटकट संपते. फोन हवेतून गाणं पाठवतो, रिसीव्हर ते ऑक्सला देतो. ऑनलाइन मागवताना नाव नीट वाचा. ब्लूटूथ रिसीव्हर आणि ब्लूटूथ ट्रान्समीटर या उलट दिशेच्या वस्तू आहेत. गाडीला हवा तो रिसीव्हर.

ब्लूटूथचे दोन वेगवेगळे व्यवहार असतात हे कळलं की निम्म्या शंका मिटतात. गाण्यासाठी एटूडीपी नावाची पद्धत आहे. तिच्यात डावा-उजवा दोन्ही आवाज चांगल्या दर्जाने, पण एकाच दिशेला जातो. बोलण्यासाठी एचएफपी नावाची वेगळी पद्धत आहे. तिच्यात आवाज दोन्ही दिशांना जातो, पण मोनो (डावा-उजवा वेगळा नसलेला) आणि टेलिफोनच्या दर्जाचा. कॉल आला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा का होतो, त्याचं उत्तर हे. तुमच्या रिसीव्हरचा माइक गिअरच्या दांडीजवळ कुठेतरी लोंबकळत असेल तर समोरच्याला इंजिनाशिवाय काही ऐकू जात नाही. अशा वेळी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या रिसीव्हरच्या नावावर जाऊन ‘फोन कॉल’ बंद आणि ‘मीडिया ऑडिओ’ चालू ठेवा. गाणी गाडीत वाजतील, कॉल फोनवरच राहील. अर्थात मग तो गाडी थांबवूनच घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलेलं आहे.

रिसीव्हरच्या खोक्यावर ब्लूटूथ ५.० आहे की ५.३, कोडेक (गाणं दाबून लहान करायची पद्धत) एसबीसी आहे की आणखी कुठला, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एसबीसी हा एटूडीपी असलेल्या प्रत्येक यंत्रात असतोच. शांत खोलीत चांगले हेडफोन लावून त्यातला आणि एएसी या दुसऱ्या कोडेकमधला फरक ऐकणारे असतील. खिडकी खाली करून ८० च्या वेगाने चाललेल्या दहा-बारा वर्षांच्या गाडीत तो ऐकू येतो असं कोणी सांगितलं तर मी मान डोलावतो आणि विषय बदलतो. त्यापेक्षा रिसीव्हरला वीज कुठून मिळते ते बघा. लायटरमधून मिळत असेल तर वर सांगितलेली शिट्टी इथेही परत येते, आयसोलेटर लागतो. स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर शांत असतो, पण विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य फार नसतं. उतरताना तो काढून खिशात टाकावा.

आणखी एक घरगुती भानगड. रिसीव्हर आधी जोडलेल्या फोनला स्वतःहून पकडतो. गाडी बिल्डिंगखाली आणि ज्यांचा फोन आधी जोडला होता त्या वरच्या मजल्यावर, असं असलं की तुमच्या फोनला तो ओळखच दाखवत नाही. बॉलकनीतून ‘अगं, जरा ब्लूटूथ बंद कर’ असं ओरडण्यापेक्षा रिसीव्हरची जोडणी पुसून फक्त आपला फोन जोडावा.

ऑक्स नाही: एफएम ट्रान्समीटर

लायटरमध्ये खुपसायचा हा खुंट्यासारखा प्रकार सर्वांत जास्त खपतो आणि सर्वांत जास्त शिव्याही खातो. दोन्ही रास्त आहेत. तो ब्लूटूथवरून गाणं घेतो आणि स्वतःचं पिटुकलं रेडिओ स्टेशन होऊन ते प्रसारित करतो. तुमचा स्टिरिओ ते इतर स्टेशनांसारखंच पकडतो. कसोटीवर लावून बघा: डिजिटलचं अ‍ॅनालॉग, अ‍ॅनालॉगचं एफएम, हवेतून अँटेना, ट्यूनरमध्ये परत अ‍ॅनालॉग. ऑक्सच्या दुप्पट उड्या. शिवाय एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज मुळात जातच नाही.

तरी तो बरा वाजतो की वाईट, हे मुख्यतः जागेवर ठरतं. आपल्याकडे एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. पुण्या-मुंबईत ९१.१, ९३.५, ९८.३ अशी स्टेशनं दाटीवाटीने बसलेली आहेत. त्यांच्या मधली मोकळी जागा शोधायची तर आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओ एकेक पायरी पुढे सरकवा आणि जिथे नुसती सपाट खरखर आहे, शेजारच्या स्टेशनची कुजबुजही नाही, अशी जागा पकडा. पट्ट्याच्या दोन टोकांपासून शोधायला सुरुवात केलेली बरी. जागा सापडली की ट्रान्समीटर तिथे लावा आणि ती प्रीसेटवर ठेवून द्या.

पण पनवेलला मोकळी असलेली जागा लोणावळ्याला मोकळी असेलच असं नाही. एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा की एकाच जागेवर दोन लहरी आल्या तर तो त्यातली जोरदार एकच उचलतो, दुसरीला जवळजवळ गिळून टाकतो. त्यामुळे घाटातल्या वळणावर तुमचं गाणं अर्ध्यात तुटून जाहिरात सुरू होते आणि पुढच्या वळणावर गाणं परत येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या भाताण बोगद्यात मात्र याच्या उलट होतं. बाहेरची स्टेशनं आत पोचत नाहीत आणि तेवढा वेळ ट्रान्समीटर मोकळा गातो.

अँटेना मागच्या छतावर असेल तर लायटरमधला ट्रान्समीटर तिच्यापासून लांब पडतो. अशा गाडीत अँटेनाची काडी काढून बघा. बाहेरची स्टेशनं दुबळी होतात, गाडीतलं तुलनेने जोरात येतं. उपाय ओबडधोबड आहे, पण शहरात तो अनेकदा लागू पडतो. आणि गाणं फाटत असेल तर ट्रान्समीटरचा स्वतःचा आवाज दोन-तीन पायऱ्या खाली आणा. तो भरून वाहू लागला की स्टिरिओवर कितीही खटपट करून साफ होत नाही.

कॅसेटची फट असेल तर

मारुती ८००, ओम्नी, जुन्या अ‍ॅम्बेसेडर यांत कॅसेट डेक असेल तर माझं मत ट्रान्समीटरच्या आधी कॅसेट अडॅप्टरला आहे. तो दिसतो हुबेहूब कॅसेटसारखा, आत टेप नसते. जिथे टेप हेडला घासून जायची तिथेच एक छोटं हेड बसवलेलं असतं. फोनमधून आलेला आवाज त्यात चुंबकीय लहरी उठवतो आणि डेकच्या हेडला वाटतं टेपच चालली आहे. आत दोन-चार दातेरी चाकंही असतात. ती फिरत राहिली नाहीत तर डेकला टेप संपली असं वाटून तो थांबेल.

अडॅप्टर घालूनही आवाज आला नाही, तर बहुतेक वेळा ऑटो-रिव्हर्सचा (कॅसेटची बाजू स्वतः बदलणारा) डेक उलट बाजू वाजवत असतो. बाजू बदलायचं बटण दाबा. आवाज दबलेला, ट्रेबल गायब असेल तर हेडवर वर्षांची तपकिरी भुकटी साचलेली आहे. कानकाडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड हलक्या हाताने पुसा, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. या पाच मिनिटांच्या कामाने पडणारा फरक महागड्या अडॅप्टरने पडत नाही.

यूएसबी आहे, पण फोन ओळखत नाही

सीडीच्या काळाच्या शेवटच्या स्टिरिओंना यूएसबी असतं. ते पेन ड्राइव्हसाठी आहे. अँड्रॉइड फोन वायरने लावला तर तो स्वतःला पेन ड्राइव्ह म्हणून दाखवत नाही, त्यामुळे स्टिरिओ ‘नो फाइल’ म्हणतो. फोन खराब नाही, स्टिरिओही नाही. पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेला ड्राइव्ह अशा बऱ्याच स्टिरिओंना वाचता येत नाही. यूएसबीत लावायचे जे स्वस्त ब्लूटूथ डोंगल मिळतात, त्यातले बहुतेक यूएसबीमधून फक्त वीज घेतात. गाणं बाहेर ऑक्सच्या वायरीनेच काढतात. ऑक्स नसलेल्या स्टिरिओला ते लावून काही वाजणार नाही.

आतून केलेलं काम

आपल्याकडे एक पर्याय असा आहे जो परदेशात परवडणार नाही: स्टिरिओ उघडून आतच ब्लूटूथचं बोर्ड बसवून घेणं. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड मिळतात, आणि जुने स्टिरिओ दुरुस्त करणारा हुशार माणूस हाताशी असेल तर काम स्वच्छ होतं. कॅसेटच्या प्रीअ‍ॅम्पमधून (हेडचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागातून) व्हॉल्यूमकडे जाणारे डावे-उजवे दोन रस्ते शोधायचे, तिथे छोट्या कपॅसिटरमधून बोर्डाचा आवाज सोडायचा. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात ऑक्सचं दार आपणच पाडायचं.

अशा कामात दोन गोष्टी बिघडतात. बोर्ड ५ व्होल्टचं असतं आणि इंजिन चालू असताना गाडी १४ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागतो. आणि वीज व आवाज दोन्हींचा अर्थ एकाच पत्र्यावर आला की कान दिला तर टिकटिक, गुणगुण ऐकू येते. तिथे बी०५०५एस नावाचं शेंगदाण्यापेक्षा थोडं मोठं मॉड्यूल लावतात. ते ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देतं, पण दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून. ‘दादा, आयसोलेटेड लावताय ना?’ एवढं विचारलं तरी समोरच्याचा सूर बदलतो. आणि काम करणारा स्पीकरच्या दोन वायरींपैकी एक पत्र्याला लावायला निघाला तर हात धरा. कार स्टिरिओच्या पॉवर आयसीत स्पीकरच्या दोन्ही तारांवर आवाज असतो, त्यातली कुठलीच अर्थ नसते. ती पत्र्याला टेकली की आयसी जळू शकते.

नवा स्टिरिओच घ्यायचा असेल तर

डेक बंद पडलाय, बटणं अडकतात, ट्यूनर बहिरा झालाय, अशा स्टिरिओवर खर्च करण्यात अर्थ नाही. मग ब्लूटूथ असलेला नवा बसवा. डॅशबोर्डाचं भोक १८० बाय ५० मिलिमीटर असेल तर सिंगल डिन, १८० बाय १०० असेल तर डबल डिन. सीडी नसलेले सिंगल डिन स्टिरिओ टचस्क्रीनच्या मानाने बरेच स्वस्त असतात आणि जुन्या स्पीकरना पुरेसे असतात. खोक्यावरच्या ‘४ × ५० वॅट’ला भुलू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर चालवणारी आयसी प्रत्येक स्पीकरला सलग जेमतेम वीस वॅट स्वच्छ देऊ शकते. व्होल्टेजच तेवढं आहे.

मूळ वायरींचं गठ्ठ्याचं सॉकेट कापू देऊ नका. गाडीच्या सॉकेटात बसणारा वायरींचा कन्व्हर्टर पुण्यात नाना पेठेत सहज मिळतो, गाडी पुढे विकताना जुना स्टिरिओ परत बसवता येतो. पिवळी वायर कायम वीज मिळणाऱ्या तारेला आणि लाल चावी फिरवल्यावर वीज मिळणाऱ्या तारेला जायला हवी. दोन्ही चावीवर घेतल्या तर रोज घड्याळ आणि प्रीसेट पुसले जातात. दोन्ही कायमच्या विजेवर घेतल्या तर आठवडाभर उभी ठेवलेली गाडी सुरूच होत नाही, आणि दोष बॅटरीवर जातो. निळी वायर अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज देते. ती सुटली की नव्या स्टिरिओत रेडिओ लागत नाही म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

काम सुरू करायच्या आधी कुणी बॅटरीची क्लिप काढणार असेल, आणि तुम्ही जुनाच स्टिरिओ ठेवणार असाल, तर गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत स्टिरिओचा कोड लिहिलेलं कार्ड आहे का ते बघा. कंपनीने बसवलेल्या काही स्टिरिओंना चोरीविरुद्धचं कुलूप असतं. वीज तुटून परत आली की ते कोड मागतात, आणि ठरावीक वेळा चुकीचा आकडा टाकला की स्टिरिओ स्वतःला बंद करून घेतो. कार्ड सापडलं नाही तर बॅटरी काढायच्या आधीच अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर आणि स्टिरिओवरचा सिरीयल नंबर देऊन कोड मागून घ्या.